मधले दिवस कुणाचे?

१९७० च्या दशकात अमेरिकेत स्तनात गाठ सापडलेल्या बहुतेक बायकांना रिपोर्टची वाट पाहावीच लागत नसे. बाई ऑपरेशनला जायची ती एकाच संमतिपत्रावर दोन गोष्टींसाठी सही करून. भूल दिल्यावर सर्जन गाठ काढत. शेजारच्या खोलीत ती गोठवून तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जाई आणि थोड्याच मिनिटांत निरोप येई. निरोप वाईट असला तर बाई भुलेत असतानाच स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढून टाकल्या जात, अनेकदा छातीचे स्नायूसुद्धा. आपल्याला कॅन्सर होता की नव्हता, हे तिला शुद्धीवर आल्यावर छातीवरच्या बँडेजवरून कळे.

सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशन असंच झालं. त्याच वर्षी मेरीलँडमधल्या रोझ कुशनर या पत्रकार बाईंना गाठ सापडली होती. आधी फक्त तपासणी करा, पुढचं काय ते मी शुद्धीत असताना ठरवीन, असा आग्रह त्यांनी धरला होता आणि तो मान्य करणारा सर्जन शोधायला त्यांना बरीच वणवण करावी लागली होती. बेटी फोर्ड यांच्या ऑपरेशनआधी हेच सांगायला त्यांनी व्हाइट हाउसला फोन केला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतलेला आहे असं उत्तर आलं, असं कुशनर पुढे सांगत. शरीर एकीचं आणि निर्णय दुसऱ्याचा, ही त्या काळची रीत त्या एका उत्तरात उघडी पडते. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीने तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात अशी शिफारस केली. त्या समितीत कुशनरही होत्या.

आज आपल्याकडे सुईने तुकडा काढल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत जे दिवस जातात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. ते दिवस भयंकर असतात. मी ते जवळून पाहिले आहेत आणि ते कसेबसे ढकलणाऱ्या बायकांना उपदेश करण्याची माझी इच्छा नाही. पण हे दिवस म्हणजे यंत्रणेतली निव्वळ दिरंगाई नव्हे. बाईला स्वतःच्या शरीराबद्दल आधी कळावं आणि मग तिने ठरवावं, यासाठी ते मागून घेतलेले आहेत. माझं म्हणणं इतकंच की ते तिचे आहेत. आपल्याकडे ते तिच्याकडून काढून घेतले जातात: घरात प्रेमापोटी, दवाखान्यात घाईपोटी.

भारतातही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. समीरा कोहली खटल्यात गाठीचा विषय नव्हता, पण मुद्दा हाच होता. १९९५ मध्ये ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीला दिल्लीत दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल देण्यात आली. ती भुलेत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही, आणि जीव वाचवण्याची तातडी नसेल तर सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कुणी, अगदी आईनेही, होकार देऊन चालत नाही. आपल्या घरांमध्ये नातेवाइकांचा शब्द हाच रुग्णाचा शब्द समजण्याची सवय किती मुरलेली आहे, हे आठवलं की या निकालाचं मोल कळतं.

आता त्या दिवसांत नेमकं घडतं काय? हे सविस्तर सांगायला हवं, कारण कुणी सांगत नाही, आणि जिथे माहिती नसते तिथे भीती बिऱ्हाड करते.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेत. हल्ली जाड सुईने तुकडा काढण्याकडे कल आहे. शेवईच्या तुकड्याएवढे ते बारीक धागे लगेच फॉर्मेलिनमध्ये टाकतात. फॉर्मेलिनने मांस कुजत नाही आणि पेशींची रचना जशीच्या तशी टिकते, पण ते आत मुरायला वेळ लागतो. पुढे संप्रेरकांच्या चाचण्या करायच्या झाल्या तर तुकडा त्यात कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा असा नियम आहे. मग यंत्रात, बहुधा रात्रभर, त्यातलं पाणी अल्कोहोलने टप्प्याटप्प्याने काढून घेतात, झायलीनमधून काढून वितळलेल्या मेणात मुरवतात आणि मेणाची वडी पाडतात. त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप होतात. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. काप काचेवर घेऊन रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचं गुलाबी. इतकं झाल्यावर पॅथॉलॉजिस्ट डोळे लावून बसतात.

आणि तिथे पुन्हा वेळ लागू शकतो. काही गाठी पाहताक्षणी ओळखता येतात. काही ठिकाणी पेशी वेड्यावाकड्या दिसतात, पण त्या दुधाच्या नळीची सीमा ओलांडून बाहेर गेल्यात की नाही हे कळत नाही. मग त्याच वडीचे आणखी काप घ्यायचे, वेगळ्या रसायनांनी रंगवायचे, दुसऱ्या जाणत्याला दाखवायचे. म्हणजे रिपोर्टला लागलेल्या जादा दोन दिवसांचा अर्थ कित्येकदा असा असतो की कुणीतरी आपल्या पहिल्या मतावर शंका घेत आहे. त्या शंकेची बाईला गरज असते. रुग्णाला सर्जनचं नाव पाठ असतं. काचेवरच्या त्या गुलाबी-जांभळ्या चित्रावरून तिच्या आयुष्याची दिशा ठरवणाऱ्याचं नाव रिपोर्टाच्या तळाशी सहीत राहतं. परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा उभ्या करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजिस्टच होते. रोगाचं निदान घाईने करायचं नसतं, ही शिस्त आपल्याकडे इतकी जुनी आहे.

हे सगळं बाईला दोन मिनिटांत सांगता येतं. तुकडा आज कुठे आहे, उद्या त्याचं काय होणार, उशीर झाला तर कशामुळे होऊ शकतो. एवढं कळलं म्हणून भीती जाणार नाही. पण उशीर झाला म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट निघालंय, लपवताहेत माझ्यापासून, हा जो विचार रात्री दोन वाजता छातीवर येऊन बसतो, त्याला उत्तर देण्यासाठी तिच्याजवळ काहीतरी असेल. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी ‘बायरॅड्स’ आणि पुढे एक आकडा असतो. तो आकडा ४ असला की कित्येक बायका आणि त्यांचे नवरेही हादरून जातात, कारण त्यांना वाटतं कॅन्सरची चौथी स्टेज निघाली. बायरॅड्सचा स्टेजशी काडीचा संबंध नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने ठरवलेली ती संशयाची प्रतवारी आहे. ३ म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता फार तर २ टक्के. ४ म्हणजे तुकडा तपासायला हवा, आणि शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही. म्हणून तर त्याचे अ, ब, क असे आणखी भाग पाडतात. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. ज्या एका आकड्यात २ पासून ९५ पर्यंतचं सगळं मावतं, तो नुसता कागदावर छापून बाईच्या हातात द्यायचा आणि ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारायची, ही मला क्रूर गोष्ट वाटते. कुणाला क्रूर व्हायचं नसतं हे मान्य करूनही.

तपासायला आलेल्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी कॅन्सरच्या नसतात, हे खरं आहे आणि वारंवार सांगायला हवं. तरुण मुलींमध्ये हाताला सरकणारी फायब्रोअडिनोमाची गाठ असते, चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी असतात. वय वाढतं तशी कॅन्सरची शक्यता वाढते. भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडच्या बायका साधारण दहा वर्षं लहान वयात या रोगाला सामोऱ्या जातात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पण बाईला टक्केवारीत जगता येत नाही. दहापैकी आठ-नऊ जणी सुटतात हे तिला पटतं. ती आठांतली की दोघींतली, हे तिला हवं असतं, आणि तेच त्या दिवसांत जगातल्या कुणालाच ठाऊक नसतं.

हे न कळणं शरीरालाही सोसत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या खेळात दगडाखाली साप आहे की नाही ओळखायचं, आणि साप निघाला तर हाताला विजेचा झटका बसायचा. सर्वांत जास्त ताण आला तो झटका नक्की बसणार तेव्हा नाही, बसण्याची शक्यता निम्मी होती तेव्हा. स्तनाच्या गाठीबाबत याहून थेट पुरावा आहे. २००९ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात १२६ बायकांचा अभ्यास आला होता. तुकडा काढल्यानंतर पाचव्या दिवशी त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ज्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं, त्यांच्या शरीरातला ताण कॅन्सर निघालेल्या बायकांसारखाच होता. म्हणून ‘अजून काही ठरलंय का, आत्तापासून कशाला घाबरतेस’ हे वाक्य चुकीचं आहे. तिचं शरीर आत्ताच घाबरलेलं आहे, आणि ते स्वाभाविक आहे.

घरात मात्र तिला घाबरण्याची परवानगी नसते. अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते. पॉझिटिव्ह राहा. तू खंबीर आहेस, तुझ्याकडे बघून आम्हाला धीर येतो. शेवटचं वाक्य तर फारच अवघड. म्हणजे धीर द्यायचं कामही तिचंच. ती मग सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवते, डबे भरते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून चहा देते, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडते. तिच्या भीतीला कान देणारं माणूस घरात नसतं, कारण प्रत्येकाला स्वतःच्या भीतीपासून पळायचं असतं आणि तिचं हसणं ही त्यांची पळवाट असते. हे मी दोष म्हणून सांगत नाही. नवरा, मुलं, आई सगळेच भेदरलेले असतात. पण ‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला देणाऱ्याच्या सोयीचा असतो, हे त्याने ओळखायला हवं.

काळजी केल्याने वाईट घडतं, याला काहीही आधार नाही. तुकडा मेणात बसलेला आहे. त्यातल्या पेशी जशा आहेत तशाच राहणार. उलट, वाट पाहण्याचाच अभ्यास करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंना काही वेगळंच आढळलं. वकिलीची परीक्षा देऊन चार महिने निकालाची वाट पाहणाऱ्या पदवीधरांचा त्यांनी अभ्यास केला. चिंता कमी करायला योजलेल्या उपायांनी चिंता फारशी कमी झाली नाही. आणि जे मनात वाईटाची तयारी ठेवून अस्वस्थपणे थांबले होते, त्यांनी वाईट निकाल जास्त नीट पेलला आणि चांगल्या निकालाचा आनंदही जास्त घेतला. परीक्षा आणि गाठ यांची बरोबरी होत नाही. तरी ज्या बाईला आपण ‘नीट’ वाट पाहत नाही, रडतो, झोप लागत नाही, म्हणजे आपण कमकुवत आहोत असं वाटतं, तिला हे सांगावंसं वाटतं. अस्वस्थपणे थांबणं हेही थांबणंच आहे.

इथे श्रद्धेचा प्रश्न येतो. सुशिक्षित घरांत नवस बोलणाऱ्या बाईकडे थोडं दयेने पाहिलं जातं. मला वाटतं, त्या घरात सगळ्यांत खरं तीच बोलत असते. ‘आई, गाठ साधी निघू दे, तुळजापूरला येऊन तुझी ओटी भरीन’ असं म्हणताना ती गाठ साधी नसण्याची शक्यता स्पष्ट उच्चारते. जे नवऱ्याला सांगता आलं नाही, बहिणीला सांगितलं तर ती रडेल म्हणून गिळलं, ते तिने देवीला सांगितलं. नवस हा भीतीला तोंड देण्याचा प्रकार आहे. ‘काही होत नाही गं’ हा भीतीचं तोंड दाबण्याचा. देवी ऐकून घेते, मध्ये बोलत नाही, विषय बदलत नाही. घरातल्या एका तरी माणसाला हे जमायला हवं. एकच पुरे. सगळ्या गोतावळ्याला कळवण्याची गरज नसते, कारण मग रोज चौदा फोन येतात आणि ‘आला का रिपोर्ट’ याचं उत्तर देण्यात तिचे उरलेसुरले दिवस जातात.

दवाखान्याच्या बाजूने एक गोष्ट फुकट करता येण्यासारखी आहे आणि ती होत नाही. तारीख देणं. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीबरोबर मी एका लॅबच्या खिडकीपाशी उभी राहिले आहे. ‘दोन-तीन दिवसांनी फोन करून बघा.’ फोन केला की ‘अजून आला नाही’. का आला नाही, केव्हा येईल, कुणाला विचारायचं, काही नाही. तिला अनिश्चितता दुहेरी होती. गाठीत काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्याला इलाज नव्हता. पण ते कधी कळेल हे सांगणारं माणूस त्या इमारतीत नक्की होतं. बुधवारी संध्याकाळी पाचला डॉक्टर स्वतः भेटतील, रिपोर्ट आला तर तो सांगतील, आला नाही तर का आला नाही ते सांगतील, एवढं म्हटलं असतं तर बुधवारपर्यंत तिला फोनकडे बघत बसावं लागलं नसतं. मधले दिवस तिला वापरता आले असते. शाळेत जाता आलं असतं, पेपर तपासता आले असते, झोप आली नसती तरी पडून राहता आलं असतं.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने संशयित कॅन्सरच्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून २८ दिवसांत कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं, असं उद्दिष्ट स्वतःवर घालून घेतलं आहे. ते दर वेळी पाळलं जातं असं नाही. पण उद्दिष्ट जाहीर असल्यामुळे चुकलं की चुकलं असं म्हणता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तन-कॅन्सरविषयक उपक्रमात बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं म्हटलं आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर अशी एखादी मुदत लिहिलेली असावी, ही मागणी अवाजवी नाही. धाराशिवकडच्या खेड्यातून बार्शीला किंवा परळला येणारी बाई एका फेरीला मजुरी बुडवते, एसटीचं भाडं भरते, सोबत येणाऱ्याचाही रोज बुडवते. तिला ‘बघा फोन करून’ म्हणणं म्हणजे तिच्या खिशातून पैसे काढणंच आहे.

‘इतके दिवस गेले तर रोग वाढणार नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. स्तनातली गाठ हाताला लागेपर्यंत बहुधा काही वर्षं गेलेली असतात. तुकड्याच्या रिपोर्टसाठी आठ-दहा दिवस गेल्याने उपचारांचं गणित बदलत नाही. आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीतीही निराधार आहे. त्या भीतीपायी तुकडा न काढता थेट जडीबुटीकडे गेलेल्या बायकांचे हाल कॅन्सरच्या कुठल्याही डॉक्टरला विचारावेत. मात्र महिने गेले तर फरक पडतो. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ८७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत तीन महिने किंवा अधिक गेलेल्या बायकांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण कमी होतं.

ते महिने आपल्याकडे कुठे जातात? लॅबमध्ये नाही. ते स्वयंपाकघरात जातात. गाठ दुखत नाही म्हणून. दिवाळी झाली की जाऊ. धाकट्याची बारावी झाली की. नणंदेचं लग्न उरकलं की. बीडच्या बायका ऑक्टोबरात ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर पडतात त्या पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलात, परततात, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत गाठीचं नाव काढता येत नाही. जे घर या सगळ्यासाठी सहा महिने बिनबोभाट थांबू शकतं, तेच रिपोर्टच्या आठ दिवसांत कासावीस होतं. मला या कासाविशीचा राग येत नाही. पण तिचा थोडा अंश आधी दिसला असता तर, असं वाटतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी स्तनांची तपासणी कधी तरी झालेल्या बायका १ टक्काही भरल्या नाहीत. आणि त्या तपासणीला मोठं यंत्रही लागत नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास केला. त्यांच्यापैकी निम्म्या बायकांच्या छातीची तपासणी जुजबी प्रशिक्षण मिळालेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने करत. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. दवाखान्याची पायरी चढलेल्या बाईला आपण कसं वागवतो, हे वस्तीतल्या दुसऱ्या बायका बघत असतात. एकीचे रिपोर्टचे दिवस कसे गेले, त्यावर दुसरी आपली गाठ दाखवायला येणार की नाही हे ठरतं.

रिपोर्ट येतो तेव्हा तो हल्ली बहुधा मोबाइलवर येतो, आणि मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा दिलेला असतो. पहिल्यांदा तो वाचतो. मग दाराआडून डॉक्टरांना फोन: ‘तिला एवढ्यात सांगू नका, खचून जाईल.’ तिला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळतंच. फक्त आता ती कुणाला काही विचारू शकत नाही, कारण विचारलं तर त्यांचं नाटक मोडेल. ज्या क्षणासाठी तिने ते दिवस काढले, तोच तिच्या हातून गेला. काही बायकांना खरोखरच तपशील नको असतो, ‘तुम्हीच बघा काय ते’ असं त्या मनापासून म्हणतात. तोही त्यांचा हक्क आहे. पण तो त्यांना आधी विचारून घ्यायला हवा, तुकडा काढतानाच: रिपोर्ट कुणाला सांगायचा, समोर बसून की फोनवर, सोबत कोण हवं? चांगले डॉक्टर हे विचारतात. नाही विचारलं तर बाईने स्वतः सांगावं, आणि नंबर स्वतःचा द्यावा. रात्री अकराला फाइल आली तर ती लगेच उघडायची की सकाळी कुणी जवळ असताना, हेही आधी ठरवून ठेवलं तर त्या घटकेला निभावतं.

गाठ साधी निघाली की घर एका क्षणात मोकळं होतं. ‘बघ, म्हटलं नव्हतं, काही नाही म्हणून!’ आणि संध्याकाळपासून सगळं पूर्ववत. तिला मात्र इतक्या लवकर परतता येत नाही. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांना १९७७ मध्ये गाठ झाली, ती कॅन्सरची असण्याची शक्यता डॉक्टरांनी बरीच मोठी सांगितली, आणि तीन आठवड्यांनी ती साधी निघाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एका सभेत त्या याविषयी बोलल्या. आपण आजवर काय काय बोललो नाही, या प्रश्नापाशी त्या तीन आठवड्यांनी त्यांना नेऊन ठेवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांना कॅन्सर निघालाच, पण ते भाषण त्याआधीचं आहे, साध्या निघालेल्या गाठीनंतरचं. ‘काही नाही’ म्हणून परतलेल्या बाईला त्या दिवसांत काहीतरी दिसलेलं असतं: कोण जवळ बसलं, कोण टाळून गेलं, आपल्यामागे मुलांचं कोण करणार याची यादी करताना आपलं स्वतःचं असं काय उरलं होतं. तिला त्याबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्यावं. ‘झालं ना आता’ म्हणून मिटवू नये.

कॅन्सर निघाला तर आणखी एक प्रतीक्षा सुरू होते आणि तिची पूर्वसूचना बहुतेकांना नसते. संप्रेरकांच्या दोन चाचण्या आणि ‘हर टू’ नावाच्या प्रथिनाची तिसरी, यांवर कुठलं औषध लागू पडेल हे ठरतं, आणि ‘हर टू’चं उत्तर मधलंच आलं तर फिश नावाची आणखी एक चाचणी. घरच्यांना वाटतं कॅन्सर आहे हे कळलं, आता उद्याच कापून टाका. पण हे रिपोर्ट हातात आल्याशिवाय आधी केमो की आधी ऑपरेशन, स्तन वाचवता येईल की नाही, हे नीट ठरवता येत नाही. इथेही तिच्यासाठी वेळ मागून घेतलेला आहे.

आणि कित्येकींना उत्तर या दोन्हींच्या मधलं मिळतं. बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी परत या. किंवा चित्र संशयास्पद आणि तुकडा मात्र साधा, म्हणजे दोघांचं जुळत नाही, पुन्हा तुकडा काढायला हवा. घरच्यांच्या लेखी विषय संपलेला असतो. तिला मात्र हे ओझं एकटीने वाहावं लागतं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीला जायचं म्हटलं की ‘मागच्या वेळी काही नव्हतं ना, मग कशाला?’ असं ऐकावं लागतं. ही दुसरी तारीख चुकवणाऱ्या बायका बहुधा निष्काळजी नसतात. त्यांना पुन्हा एकदा सगळ्यांना घाबरवायचं नसतं. म्हणून तुकडा काढला त्या दिवशी जो सोबत आला होता, त्यानेच ही पुढची तारीख लक्षात ठेवावी, आठवडाभर आधी तिला स्वतःहून आठवण करावी आणि त्या दिवशीची रजा आत्ताच टाकून ठेवावी.